रंग दिला तरी पुढच्या पावसाळ्यात फोड: मोटरसायकलचा गंज त्याच जागी परत का येतो

तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म), चॅसीचा खालचा भाग किंवा टाकीची कड रंगवून घेतली, गाडी चकाचक झाली, आणि गणपती येईपर्यंत नेमक्या त्याच जागी मोहरीएवढे फोड. नख लावलं की पापुद्रा सुटतो, खाली तपकिरी ओल. मग पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा स्प्रे. अलिबागपासून मालवण-पणजीपर्यंतच्या पट्ट्यात आणि मुंबईत खाडीकाठच्या वस्त्यांमध्ये हे चक्र वर्षभरातच पुरं होतं. पुण्या-नाशकात जरा जास्त काळ लागतो.

गाडीवाला रंगाच्या कंपनीला बोल लावतो, पेंटर पावसाला. पण त्याच जागी परत येणारा गंज जवळजवळ नेहमी रंगाखाली राहून गेलेल्या गोष्टीमुळे येतो: मीठ, पाणी, तेल किंवा नीट न घासलेला जुना रंग. यातलं नेमकं काय राहिलं ते कळायच्या आत नवा रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात.

फोड कापून बघा

धारदार कटरने फोडाचं टोपण कापा आणि पापुद्रा उलटा करून उजेडात धरा. किती थर निघाले आणि ते कुठून सुटले, यावरून बरंच कळतं.

खालचं लोखंड लखलखीत असेल आणि प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) रंगाच्या पाठीला चिकटून आला असेल, तर पकड मुळात बसलीच नव्हती. पत्रा गुळगुळीत राहिला असेल, किंवा त्यावर चेनचं ऑइल, ग्रीस, पॉलिशमधलं सिलिकॉन होतं. खाली काळपट खड्डे आणि त्यांच्या तळाशी ओला गंज दिसला, तर मीठ राहून गेलंय. लांबी (पत्र्याचे खळगे भरायची पुट्टी) मधूनच भुगा होऊन तुटली आणि बोटाला दमट लागली, तर लांबीने पाणी प्यायलंय. वरचा रंग खालच्या जुन्या रंगावरून पन्नीसारखा निघाला, तर जुना रंग न घासता वरून फवारा मारलाय.

फोड नसलेल्या जागीही एक चाचणी घ्या. कटरने २ मिमी अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा धातूपर्यंत ओढा, ब्रशने भुगा झाडा, चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागच्या जागी राहिले तर पकड ठीक. चौकोनच्या चौकोन पट्टीबरोबर आले, तर फक्त फोडाची जागा दुरुस्त करून भागणार नाही, तो सगळा भाग खरवडावा लागेल.

खड्ड्यातलं मीठ

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा खरा शत्रू हाच. गंजलेल्या लोखंडाला बारीक खड्डे पडतात आणि समुद्राच्या मिठातलं क्लोराइड त्यांच्या तळाशी जाऊन बसतं. तारेचा ब्रश किंवा ८० नंबरचा पेपर वरचा गंज काढतो. खड्ड्याच्या तळापर्यंत त्याचा हात पोचत नाही. उलट ब्रश जास्त फिरवला की तिथला गंज चोळला जाऊन चकाकतो आणि धातू साफ झाल्यासारखा वाटतो.

त्यावर रंग बसतो. पण कुठलाही रंग पाण्याची वाफ शंभर टक्के अडवत नाही, थोडी आत जातेच. आत मीठ असेल तर ते ती ओढून घेतं. निव्वळ मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणझरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे कोकणात ही जागा उन्हाळ्यातही धड कोरडी नसते. आत द्रावण तयार होतं, रंग वर उचलला जातो, आणि फोड दिसेपर्यंत लोखंड आणखी खाल्लं गेलेलं असतं.

बाजारातलं रस्ट कन्व्हर्टर इथे अर्धवट काम करतं. टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर गंजाचा पातळ थर काळा करून स्थिर करतं, पण क्लोराइड जिथल्या तिथे राहतं. जाड पापुद्र्यांच्या गंजावर ते लावलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा तसाच.

मीठ गेलं की नाही हे ओळखायची सोपी, बिनखर्चाची पद्धत आहे. जागा घासून साफ करा, गोड्या पाण्याने धुवा, हेअर ड्रायरने लगेच वाळवा आणि रंग न देता रात्रभर उघडी ठेवा. सकाळी सगळ्या पृष्ठभागावर एकसारखी फिकट पिवळसर झाक असेल तर ती साधी हवेची. पण ठरावीक खड्ड्यांमधून गडद, ओलसर ठिपके वर आले असतील, तर तिथे मीठ आहे. मग कडकडीत गरम पाणी ओतत नायलॉनच्या ब्रशने घासा, वाळवा, पुन्हा रात्रभर ठेवा. ठिपके यायचे थांबेपर्यंत हे करायचं. पाणी शक्यतो आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड घ्या. किनाऱ्याजवळच्या बोअरच्या पाण्यात स्वतःचं मीठ असतं, आणि त्याने धुऊन पुन्हा तेच आत भरलं जातं.

खड्डे खोल असतील तर सँड ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या दाबाने वाळूसारख्या कणांचा मारा करण्याला, पर्याय नाही. बहुतेक एमआयडीसींच्या परिसरात ब्लास्टिंग करून देणारे मिळतात. ब्लास्टिंगनंतर धातू उघडा असतो आणि फार पटकन गंजतो; कोरड्या दिवशी चार तासांच्या आत आणि दमट हवेत त्याहून लवकर प्रायमर बसला पाहिजे. संध्याकाळी ब्लास्ट करून सकाळी रंगवू, हे किनारपट्टीत चालत नाही.

लांबी आणि बादलीभर पाणी

टाकीच्या आणि साइड पॅनलच्या फोडांमागे गॅरेजमधली एक सवय असते. लांबी भरली की वॉटर पेपर बादलीत बुडवून ती ओलीच घासतात. धूळ उडत नाही आणि काम भराभर होतं. पण पॉलिएस्टर लांबीत टाल्क असतो, ती पाणी शोषून घेते. तासाभराने वर हात फिरवला तर कोरडी लागते, आत ओल असते. वर प्रायमर, बेस कोट (मुख्य रंग), क्लिअर (वरचा पारदर्शक थर) चढले की ती ओल कोंडते, आणि टाकी उन्हात तापली की वाफ होऊन वर ढकलते. साधा प्रायमर सरफेसरही याच जातीचा, सच्छिद्र. तो उघडा ठेवून गाडी पावसात वापरली, की पुढच्या कामाचं नुकसान झालंच.

लांबी कोरडीच घासा: आधी ८०, मग १२०, शेवटी १८०. धूळ नको म्हणून मास्क घाला. दुसरं म्हणजे उघड्या पत्र्यावर थेट लांबी न भरता आधी टू-पॅक (ऐनवेळी हार्डनर मिसळून वापरायच्या) इपॉक्सी प्रायमरचा थर द्या, तो वाळल्यावर १८०ने खरवडा आणि त्यावर लांबी भरा. मग लांबीत कुठून ओल शिरली तरी ती लोखंडाला भिडत नाही.

सेकंडहँड गाडी बघताना टाकीवर आधी किती लांबी भरलीय, हे छोट्या लोहचुंबकावरून कळतं. मऊ कापडात गुंडाळून टाकीवर फिरवा; जिथे ओढ एकदम कमी होते तिथे लांबी जाड आहे. जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच: कंपनीचा मूळ रंग साधारण ८० ते १२० मायक्रॉनच्या घरात असतो, ३००च्या वर आकडा गेला तर खाली लांबी आहे असं समजा.

वेल्ड आणि कडा

नव्या गाडीतसुद्धा गंज पहिल्यांदा वेल्डवर दिसतो. त्यामागचं कारण भिंगाने बघता येतं. मिग वेल्डच्या शिवणीवर तपकिरी, काचेसारखे बारीक ठिपके राहतात. ते सिलिकेटचे असतात आणि वीज वाहून नेत नाहीत. कारखान्यात चॅसी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या दाबाने पहिला थर चढवतात. या ठिपक्यांवर तो बसतच नाही, त्याखालचा फॉस्फेटचा थरही नाही. वरून काळा रंग असतो म्हणून झाकलं जातं, आणि पहिल्या पावसाळ्यात ठिपका टिचून सुटतो.

पत्र्याच्या तीक्ष्ण कडांचं असंच. भट्टीत रंग पातळ होताना कडेवरून मागे सरकतो आणि नेमकी कड उघडी राहते. म्हणून दुरुस्ती करताना वेल्डवरचे काचेरी ठिपके छिन्नीच्या टोकाने किंवा सुई फाईलने टिचवून काढा, कडा कानशीने किंचित गोल करा, आणि फवाऱ्याआधी वेल्ड व कडांवर ब्रशने प्रायमरचा एक जादा हात द्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही.

चिमट्याचं पूर्ण काम

चेनखालचा चिमटा सगळ्यात जास्त मार खातो, म्हणून तोच नमुना घेऊ. चिमटा गाडीवरून उतरवा, बुश आणि बेअरिंग काढा. गाडीवर असतानाच केलेला स्प्रे खालच्या बाजूला पोचत नाही, आणि गंज तिथेच असतो. आधी केरोसीन किंवा डिग्रीझरने चेनचं ऑइल काढा, मग साबणाचं पाणी, मग गोडं पाणी. हा क्रम उलटवला आणि आधी पेपर मारला, तर ग्रीस धातूच्या ओरखड्यांमध्ये घुसतं.

पाइपाला खाली निचऱ्याची भोकं असतात; चिखलाने बुजलेली असली तर तारेने मोकळी करा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पाइप सगळीकडून हलके ठोकून बघा. आवाज कुठे बद्द आला किंवा आतून गंजाचे तुकडे सळसळले, तर पाइप आतून खाल्ला गेलाय. असा चिमटा रंगवू नका, बदला. इथे जिवाशी गाठ आहे.

नंतर ब्लास्टिंग किंवा ८०चा पेपर, वर सांगितलेली मिठाची चाचणी, आणि शेवटी न तंतू सुटणाऱ्या कापडाने वॅक्स-ग्रीस रिमूव्हर. एक कापड पुसायला, दुसरं कोरडं टिपायला. त्यानंतर उघड्या हाताने धातूला हात लावू नका, घामातही मीठ असतं.

प्रायमर टू-पॅक इपॉक्सीच घ्या. साधा रेड ऑक्साइड गेट-ग्रिलला ठीक आहे, चेनच्या ऑइलला आणि दगडांच्या माऱ्याला तो टिकत नाही. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, मापाच्या कपाने. अंदाजाने जास्त हार्डनर घालून लवकर वाळवायला गेलात तर थर ठिसूळ होतो. चिमट्याला तयार मिश्रण २०० मिलीच्या आसपास पुरतं. दोन हात, मिळून ५० ते ६० मायक्रॉन. फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर वापरलं असेल तर त्याचा अंश पाण्याने पूर्ण धुवा. ॲसिड राहिलं तर वरचा इपॉक्सी नीट वाळत नाही. त्याच कारणाने इपॉक्सीखाली ॲसिडवाला एच (etch) प्रायमरही देऊ नका.

पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. उपकरण नसेल तर ओल्या कापडाने एक पट्टा पुसा. १५ मिनिटांत वाळला तर रंगवायला हरकत नाही, ओल तशीच राहिली तर त्या दिवशी स्प्रे गन उचलू नका. जुलैमध्ये किनाऱ्यावर उघड्यावर रंगकाम करूच नये.

पावडर कोटिंगचा पर्याय चांगला आहे, पण एका अटीवर. ब्लास्ट केलेल्या उघड्या लोखंडावर थेट पावडर भाजली तर दिसायला सुरेख, पण एक टवका उडाला की पाणी खाली सरकत जातं आणि अख्खा थर सालीसारखा निघतो. आधी झिंक फॉस्फेटिंग किंवा झिंकवाला इपॉक्सी पावडर प्रायमर, मग टॉप कोट. हे लिहून घ्या आणि मगच काम द्या. चॅसी देत असाल तर चॅसी नंबर, सगळे आटे आणि अर्थिंगची जागा मास्क करायला सांगा. नंबर रंगात बुजला तर आरटीओत अडचण होते. गाडीचा रंगच बदलत असाल तर आरसीवर त्याची नोंद लागते.

फिनिशचे दोष

फवाऱ्यानंतर वर दुधी झाक आली तर हवा दमट होती. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगात हे हमखास होतं. मंद वाळणारा थिनर वापरा आणि दिवस बदला. फिश आयचे गोल खळगे म्हणजे सिलिकॉन, बहुधा आधीच्या डॅशबोर्ड पॉलिशचं. त्यावर आणखी रंग ओतून ते बुजत नाहीत. वाळू द्या, घासा, रिमूव्हरने पुसून पुन्हा सुरुवात करा. ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, आला तर रंग घट्ट, हवेचा दाब कमी किंवा गन लांब. बेस आणि क्लिअरला १.३ ते १.४ मिमी नोझल, १५ ते २० सेंमी अंतर, गनवर साधारण २ बार दाब. ओघळ आले तर नेमकं उलट: गन जवळ, हात हळू. जुन्या एनसी रंगावर टू-पॅक मारला आणि रंग सुरकुतून उचलला, तर जुना रंग पूर्ण काढण्यावाचून इलाज नाही. थिनरने भिजवलेला बोळा आधीच एका कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरला असता तर जुना रंग विरघळताना दिसला असता.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. रोज सकाळी खालचा कॉक उघडून ते काढा आणि गनआधी मॉइश्चर ट्रॅप लावा. गन रिकामी ठेवून काचेवर एक मिनिट हवा मारा. काचेवर थेंब किंवा तेलाचा डाग दिसला तर ते सगळं रंगात जाणार होतं.

टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. तोंडाला रुमाल बांधून फवारा मारणारी पोरं गल्लोगल्ली दिसतात. रुमाल किंवा धुळीचा मास्क ही वाफ अडवत नाही. एकदा शरीराला याची ॲलर्जी बसली की पुढे थोडक्या संपर्कानेही दम लागतो. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि खेळती हवा, यात तडजोड नको.

पाणी धरून ठेवणाऱ्या हौशी वस्तू

रेक्झिनचं टाकी कव्हर रंग जपतं असं वाटतं, पण ते आतल्या बाजूने दिवसचे दिवस ओलं राहतं आणि त्याखाली टाकीला फोड येतात. पावसाळ्यात ते काढूनच ठेवा. लेग गार्ड आणि साडी गार्डचे क्लॅम्प चॅसीचा रंग कातरतात. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालतात, तो पाणी धरतो. त्याऐवजी क्लॅम्प उघडून आतल्या रंगावर वॅक्स ग्रीसचा पातळ हात द्या आणि दर पावसाळ्याआधी तपासा. गाडीचं प्लास्टिक कव्हर ओल्या गाडीवर टाकणं तर सगळ्यात वाईट. छप्पर असेल तर कव्हर नकोच.

समुद्राच्या वाळूत चाक घातलं किंवा फेरीबोटीवर लाटेचे तुषार आले, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने, साध्या पाइपने, मडगार्डच्या आतून आणि चिमट्याखालून दहा मिनिटं धुवा. प्रेशर गन बेअरिंगवर, चेनवर आणि वायरिंगच्या जोडांवर धरू नका. वॉशिंग सेंटरवाले शेवटी डिझेल किंवा जळक्या ऑइलचा फवारा मारतात, तो स्पष्ट नाकारा. त्यावर धूळ चिकटून ओल धरते, रबरी बुश फुगतात, आणि डिस्कवर उडालं तर ब्रेक लागत नाही. त्याऐवजी धुऊन पूर्ण वाळलेल्या गाडीच्या खालच्या भागांवर लॅनोलिन किंवा वॅक्सवाला गंजरोधक स्प्रे मे अखेरीला एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. डिस्क, पॅड आणि टायर झाकून.

सायलेन्सर, क्रोम, ॲल्युमिनियम, बोल्ट

सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. स्टेशनपर्यंतच्या पाच मिनिटांच्या फेरीत सायलेन्सर तापतच नाही आणि ते पाणी आत साचतं. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा. खालचं बारीक भोक गळती समजून बुजवू नका, ते पाणी जाण्यासाठीच आहे. बाहेरून हीट-प्रूफ काळा सिलिकॉन रंग देत असाल, तर तो नुसत्या हवेवर पुरा पक्का होत नाही. इंजिन थोडं-थोडं तापवून, थंड करून, डब्यावरच्या टप्प्यांनी पक्का करावा लागतो.

क्रोमवरचे तपकिरी ठिपके ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासल्यावर जातात, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ आहे, चरे पडत नाहीत. मग वॅक्स लावा. शॉकअपच्या पाइपावर खड्डा पडला असेल तर तो ऑइल सील कापत राहणार. सील बदलण्याआधी पाइप बघा. इंजिन कव्हरवर लॅकरखाली अळीसारख्या पांढुरक्या रेषा दिसल्या तर तो ॲल्युमिनियमचा गंज. तिथे लोखंडी तारेचा ब्रश कधीच नको, त्याचे कण रुतून आणखी गंजतात.

गंजलेल्या बोल्टच्या जागी स्टेनलेस बसवायची ओढ असते. पॅनल आणि मडगार्डला बसवा, ॲल्युमिनियममध्ये जाणार असेल तर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून. कॅलिपर, इंजिन माउंटिंग आणि ॲक्सलला मात्र नाही. बाजारातला साधा ए२-७० स्टेनलेस ७०० मेगापास्कल ताकदीचा, तर तिथला मूळ ८.८ ग्रेडचा बोल्ट ८०० आणि १०.९ ग्रेडचा १००० मेगापास्कलचा असतो. तसंच गंज काढायला चेन, स्प्रिंग किंवा ॲक्सल बाथरूमच्या ॲसिडमध्ये बुडवू नका. त्यातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद अचानक तुटतं.

टाकी आतून

टाकीच्या खालच्या कडेला बाहेरून फोड येत असतील तर आतही टॉर्च मारा. झाकणाच्या खळग्यातलं पाणी बाहेर नेणारी नळी बुजली की पावसाचं पाणी थेट पेट्रोलमध्ये उतरतं. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरतं, आणि मर्यादेबाहेर गेलं की पाण्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. नळी हवा मारून मोकळी करा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

आतला हलका गंज लिंबूसत्वाने निघतो: एका लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. आधी पेट्रोल आणि फ्लोट, कॉक काढून, साबणाने धुऊन, वास जाईपर्यंत हवा द्या. द्रावण १२ ते २४ तास ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. इथे घाई खरंच हवी: पाणी काढल्यावर काही मिनिटांत आत पिवळी झाक येते. ड्रायरची गरम हवा लावून लगेच कोरडी करा आणि आतून पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल फिरवून घ्या.

गाडी नवी असेल तर यातलं काहीही करण्याआधी सीट उघडून, चिमट्याखाली, स्टँडच्या वेल्डवर आणि टाकीच्या कडेवर गंजाचे तारीख दिसणारे फोटो काढा आणि पहिल्याच सर्व्हिसच्या जॉब कार्डवर जागेसकट लिहून घ्या. पेपर मारल्यानंतर मूळ दोष कुणाचा हे दाखवायला काहीच उरत नाही.